स्लॅबवरची ज्वारी

वालूरच्या शाळेवर एक खोली चढवायची ठरली तेव्हा मला वाटलं, चला, सुटले. निजामाचं राज्य, सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. आमची शाळा गावकऱ्यांनी चालवलेली, मराठी. मी तिथली एकुलती एक बाई. चौथीनंतर मुली मुलांच्या वर्गात बसणार नाहीत, हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. म्हणून मागून वेगळा जिना आणि वर मुलींची खोली.

माझा जीव अडकला होता एका मुलीत. शाळेच्या पंचांचे प्रमुख पाटील, त्यांची ही नात. चौथी झालेली, हिशेबात मुलांना मागं टाकणारी. खोली झाली तर शिकेल, नाहीतर पुढच्या लग्नसराईत उजवून टाकू, असं पाटलांनी मला तोंडावर सांगितलं होतं. तोवर ती माझ्या लहानग्यांत नुसतीच येऊन बसायची.

आणि मग जमिनीवरून वाद पेटला. वरच्या खोलीची जमीन तेच खालच्या खोलीचं छत, ते कशाचं करायचं? एक पंच म्हणे, लाकडी कड्या टाका, वर पाट, वर माती. बापजाद्यांपासून चालत आलंय. दुसऱ्याला स्टेशनासारखे लोखंडी गर्डर हवे होते, मधे विटांच्या कमानी वळून. परभणीहून आणलेला मिस्त्री म्हणे, स्लॅब घाला. सळ्यांची जाळी बांधून वर खडी-सिमेंट ओतलं की झालं. बैठकांवर बैठका, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. मी दाराआड दातओठ खात उभी. कड्यांवरची माती मुलांच्या डोक्यात गळेल, एवढंच सांगायला एकदा आत गेले. पाटील म्हणाले, "बाई, तुमी पोरी सांभाळा."

शेवटी स्लॅबच ठरला. माझ्या सांगण्यानं नव्हे. पाटलांच्या व्याह्यांनी नांदेडला घातला होता म्हणून. सिमेंट सेलूपर्यंत रेल्वेनं आलं, पुढं बैलगाडीनं. स्लॅब पडला, त्यावर मातीची पाळ करून पाणी साठवलं, खाली टेकूंची दाटी. नात रोज विचारायची, "बाई, आमी वर कधी बसायचं?"

मुदत भरल्यावर मिस्त्रीनं टेकू काढले आणि गाव माना वर करून बघायला जमलं. एकही कडी दिसेना. "पोटात आडवं काईच न्हाई," कुणीतरी म्हणालं. "थांबलंय कशावर?"

सळ्या आत आहेत, मी सांगितलं. मिस्त्री तर वर जाऊन उड्या मारून आला. पाटील म्हणाले, "वझं घालून बघावं लागतंय. पोरींचा जीव हाय." आणि आपल्या ज्वारीची पोती वर चढवली. आठ दिवसांसाठी.

स्लॅब केसभर हलला नाही. पोतीही हलली नाहीत; त्यांच्याभोवतीच खोलीच्या भिंती उठल्या, वर पत्रे पडले. पावसाळाभर ज्वारी तिथं कोरडी राहिली, तशी आणखी पोती आली. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. मी पाटलांकडे खेटे घालून दमले. दर वेळी तेच, "दम धरा, बाई. घाई कशापायी करायलाय?" इतका संताप यायचा की घरी येऊन भांडी आदळायची. दुसरं काय करणार?

माघात नातीचं लग्न निघालं. गडी मागच्या जिन्यानं पोती उतरवायला लागले, लग्नाच्या दळणासाठी. ती बघायला आली होती. शेवटचं पोतं खाली आल्यावर माझ्याकडे न बघता वर गेली. मी मागोमाग गेले. रिकाम्या खोलीत, सांडलेल्या दाण्यांत, ती भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसली होती.

"बसले बघा वर," ती म्हणाली.

एका पोत्याइतकंसुद्धा वजन नव्हतं पोरीचं.