एकाच घरातले तीन पेशंट

कोरोनाच्या त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले होते. मी उठसूट त्या पत्र्यांपर्यंत जायची आणि चडफडत परत यायची. गणेशपुरीला आई तापाने पडली होती. तिची शेजारीण फोनवर सांगायची, खोकला वाढलाय, सारखी तुझी आठवण काढते. भिवंडीपासून गणेशपुरी ती कितीशी लांब! पण नवा पेशंट निघाला की गल्लीची बंदी पुन्हा पहिल्यापासून, असा नियम. आणि पेशंट निघतच होते. कोणाच्या घरात, ते कळेना. खिडकीत उभी राहून मी ज्याच्या त्याच्यावर संशय घ्यायची. समोरच्या म्हातारीला शिंक आली तरी माझा जळफळाट व्हायचा.

पहिला पेशंट मात्र माझाच नवरा. तो शेलार गावात कापडाच्या लूमवर कामाला. ताप केव्हाच उतरला होता, पण रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय शेठ ड्युटीवर घेईना. पत्र्यापाशी तपासणीची गाडी आली की हा रांगेत हजर.

एके सकाळी आरोग्य केंद्राची आशाताई पेशंटची यादी घेऊन दारात आली.

"वहिनी, तुमच्या घरात तीन पेशंट हायेत ना? बाकीचे दोघं कुठं हायेत?"

घरात आम्ही दोघंच. मी तर ठणठणीत. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चाचरत म्हणाला, "तिन्ही मीच हाय. तोच नंबर दिला तर जुना पॉझिटिव्ह पाठ सोडनार न्हाय, असं वाटलं. म्हनून दर टायमाला दुसरा मोबाईल नंबर दिला. नावपन जरा फिरवून सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. गल्लीत नवं कोणी आजारी पडलंच नव्हतं. हाच पुन्हा पुन्हा नवा पेशंट होत होता आणि त्याच्यापायी अख्खी गल्ली कोंडली गेली होती. आशाताईने कपाळावर हात मारला आणि तिथूनच साहेबांना फोन लावला.

यथावकाश पत्रे निघाले. रिक्षा करून आम्ही गणेशपुरी गाठली. आई आदल्या दिवशीच गेली होती.

"टेस्ट केली होती का तिची?" मी शेजारणीला विचारलं.

"टेस्ट कराया इथं कोन येतंय, बाय? तापाची गोळी देत होतो."

संध्याकाळी आईच्या घरात टीव्हीवर कोरोनाचे आकडे सांगत होते. नवरा बंद करायला उठला.

"राहू दे," मी म्हणाले. "त्यात तू तीनदा आहेस. आई एकदाही नाही."