काचेवरची वाफ

उत्तरेतल्या त्या थंड डोंगरी गावात, गल्लीत सगळे तिला टीपकाकू म्हणत. शर्ट असो की पडदा, टीप मारायला तिच्याकडेच यायचा. साठी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. गाडी मात्र ती उशिरा शिकली, तीही शेजारी बसलेल्या नवऱ्याची बोलणी खात. गाडी जुनी आणि त्याच्यासारखीच हट्टी. हिवाळा तोंडावर आला की तो पुढच्या काचेला आतून कोरडा साबण चोळायचा आणि फडक्याने लख्ख पुसायचा. मग काचेवर वाफ धरायची नाही. यंदा तो अंथरुणाला खिळला होता, आणि साबणाची आठवण कुणालाच झाली नाही.

त्या दिवशी उजाडता उजाडता त्याची छाती भात्यासारखी वाजायला लागली. ओठ निळे पडले. फोन केला तर म्हणे, रस्ते गोठलेत, रुग्णवाहिका यायला वेळ लागेल. किती, ते सांगेनात.

"चला, मीच नेते," ती म्हणाली.

आधी तिने उलथन्याने काचेवरचा बर्फ खरवडला. बोटं बधिर झाली. गरम पाणी ओतावंसं वाटलं, पण काच तडकली असती तर सगळंच संपलं असतं. मग त्याला रजईत गुंडाळून तिने आणून बसवलं आणि गाडी काढली.

हीटर कधीचा बंद. वळणावर पोचेपर्यंत काच आतून पांढरीफटक झाली. ती बाहीने पुसायची, की पुन्हा तेच.

"अहो, खिडकी उघडू का जरा?"

"उघड."

काच निवळू लागली, पण गार वारा लागताच त्याला अशी उबळ आली की तो दुमडलाच. तिने खिडकी लावली. पुन्हा पांढरं. त्या पांढऱ्यातून अचानक ट्रकचा भोंगा आला. तिने चाक वळवलं म्हणून वाचले. आता ती रडतच गाडी हाकत होती. उघडावी तर हा जातो, लावावी तर दोघंही जातो!

पुलाच्या अलीकडे काच हळूहळू साफ व्हायला लागली. तिला हायसं वाटलं. आणि लगेच लक्षात आलं. शेजारून घरघर येत नव्हती.

"अहो!"

तिने ब्रेक दाबला, गाडी आडवी सरकून थांबली. तिने रजई ओढली. त्याने मफलरचा बोळा तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. डोळे बाहेर आले होते.

"हे काय करताय?"

"श्वासाची वाफ... काचेवर नको. तुला... दिसावं म्हणून."

"मला दिसून काय करू, तुम्हीच नसाल तर!" जन्मात कधी ओरडली नव्हती तशी ती ओरडली. मफलर मागे भिरकावला. रजई त्याच्या डोक्यावरून घेतली, आपल्या बाजूची खिडकी पूर्ण उघडली, मान बाहेर काढली आणि तशीच निघाली. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी गालावरच थिजत होतं. हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉयला आधी तिची बोटं स्टिअरिंगवरून सोडवावी लागली.

तो वाचला, पण पहिल्यासारखा झाला नाही. जिना चढणं संपलं. त्याची खाट आता खाली, तिच्या मशीनजवळ आहे. शिवता शिवता ती मधेच पाय थांबवते आणि कान देते. "आहे गं अजून," तो म्हणतो. तिला हसू येत नाही.