भुंगेऱ्याखालच्या चिठ्ठ्या

संग्रहालयात खाली मुलं वाघाच्या सांगाड्यापुढे गलका करत होती. वरची संशोधनाची खोली मात्र तशीच, डांबरगोळ्यांच्या वासाची. नोकरीच्या पहिल्या वर्षी इथल्या एका भुंगेऱ्याला मी चुकीचं नाव दिलं होतं. निवृत्तीनंतर ते कळलं आणि चैन पडेना. शेवटी आज आले.

माझ्या जागेवर आलेल्या मुलीनं खण ओढला. टाचणीवर भुंगेरा, त्याखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी, तिच्याखाली बरोबर नावाची दुसरी.

"माझी काढली नाहीस?"

"इथं आता कुणाचीच काढत नाही, मॅडम. तुमची चिठ्ठी वाचूनच तर शंका आली आणि मी परत बघितलं."

आयुष्यभर मी चुका खोडत आले, कागद फाटेपर्यंत. इथं त्या जपून ठेवल्या होत्या.

"आणि तुझंही चुकलं असेल तर?"

तिनं हसून टाचणीचं टोक दाखवलं. खाली अजून एका चिठ्ठीपुरती जागा होती.