सात ग्रॅम

वेइक्को लांपिनेन मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आजही आवडत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या मैदानावर लोक त्याला लबाड म्हणतात, ते मला सहन होत नाही. खडूस म्हणा, उद्धट म्हणा, मी टाळ्या वाजवीन. लबाड तो नाही.

हा फिनलंडचा भालाफेकपटू. तिकडे भाल्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं. चोविसाव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला, पुढची दोन वर्षंही झाला. मग कोपर गेलं. ते बरं होईपर्यंत भालाच बदलला: १९८६ साली पुरुषांच्या भाल्याचा तोल पुढे सरकवला आणि विक्रमांच्या याद्या नव्याने सुरू झाल्या. त्याच्या जिल्ह्याचा विक्रम त्याच्या नावावर होता, तो जुन्या यादीत गेला. "भाला त्यांनी बदलला, फेक माझी पुसली," हे वाक्य मी त्याच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलंय. पुढे इथल्या एका नर्सशी लग्न करून तो क्वीन्सलंडला आला. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं वेल्डिंग केलं. बायको गेली, मूलबाळ नाही, उरला तो हा तिरसट म्हातारा.

मी विश्राम खांबेटे, पुण्याचा, पुलांचा निवृत्त इंजिनिअर. मुलगी नुपूर इथे डॉक्टर आहे म्हणून आलो. टूवूंबात गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरात लोणच्यासारखा मुरतो. शेवटी नुपूरनेच मला ज्येष्ठांच्या अॅथलेटिक्स क्लबात नेऊन सोडलं. मला काम मिळालं भाले वजन करून त्यांवर स्टिकर लावायचं. स्टिकर नसेल तर फेक मोजायची नाही.

सत्तरीनंतर भाला पाचशे ग्रॅमचा, असा नियम. वेइक्को सत्तरीचा झाला आणि तरुणांचा आठशेचाच भाला घेऊन आला.

"पाचशेचा शाळेतल्या मुलींना द्या," तो म्हणाला.

"नियम आहे."

"तुझ्यासारख्या कारकुनांनीच माझी फेक पुसली."

कारकून! माझ्या पायाची आग मस्तकात गेली. वर्षभर तो आठशेचा फेकत राहिला आणि मी त्याच्या नावापुढे फुल्या मारत राहिलो. खरं सांगतो, फुली मारताना मला मजा यायची.

मग त्याच्या खांद्याने दगा दिला. ऑपरेशनची तारीख ठरली, त्यानंतर फेक कायमची बंद. त्याआधी एकच स्पर्धा उरली होती. क्लबच्या भिंतीवर विक्रमांचा लाकडी फळा आहे. सत्तरीच्या ओळीत एका डेअरीवाल्याचं नाव आहे, तेहेतीस मीटर दहा सेंटिमीटर. वेइक्कोला तिथे आपलं नाव हवं होतं. एवढा ताठ माणूस, पण त्या दिवशी पाचशेचा नवाकोरा भाला घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि मुकाट्याने माझ्या हातात दिला. आला ना वठणीवर, असं मला वाटलं.

काट्यावर भाला चारशे त्र्याण्णव भरला.

"सात ग्रॅम कमी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

"पुन्हा बघ. मी वर्कशॉपमध्ये मोजून आणलाय."

मी पुन्हा तसाच ठेवला. आकडा तोच. "क्लबचा पाचशेचा घे."

"तो झाडूचा दांडा आहे."

"मग फेकू नकोस."

त्याने गाडीतून आठशेचा आणला आणि सरळ धावपट्टीवर गेला. पहिली फेक लाल मातीत रुतली, पस्तीस मीटर तरी असेल. आठशेच्या भाल्याने! कोणी टेप उचलली नाही, मी उचलू दिली नाही. दुसऱ्या फेकीत खांदा गेला. तो उजवा दंड डाव्या हाताने धरून गाडीत जाऊन बसला. मी दोन फुल्या मारल्या. तोवर मैदानभर बोभाटा झाला होता की चॅम्पियन हलका भाला घेऊन फसवायला आला होता.

संध्याकाळी नुपूरने क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकले. एकात मी होतो, काट्यावर भाला, माझ्या चेहऱ्यावर न्यायाधीशाचा आव. भाल्याचं शेपूट मागे तंबूच्या दोरीवर टेकलं होतं. सात ग्रॅम त्या दोरीने पेलले होते. कुठल्या आधारावर किती भार येतो, हे मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं.

"बाबा, नो वरीज, क्लब मीट तर होती," नुपूर म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला त्याच्या घरी सोडलं. वेइक्कोने दार अर्धंच उघडलं. हात झोळीत होता. मी फोटो दाखवला, माफी मागितली, क्लबला लिहून कळवतो म्हणालो.

"लिही. आता हा हात वर जात नाही," तो म्हणाला. "दोरी मला तिथेच दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो. पुन्हा बघ म्हणालो. तू भाल्याकडे बघितलंच नाहीस. सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतास."

त्याने दार लावून घेतलं. मी पायरीवर उभा राहिलो. खरं होतं ते. मला त्याला हरताना बघायचं होतं, आणि मी बघितलं.