फुलोरा हलला तेव्हा

आमच्या घरात महालक्ष्म्या ज्याच्याकडे बसतात त्याच्याकडे सगळ्यांना जावं लागतं, आणि त्याचाच शब्द चालतो. सासरे गेल्यावरही त्या सासूबाईंकडेच राहिल्या. सासूबाई रायपुरात नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या आणि मजेत राहायच्या. चौबे कॉलनीतल्या मोठ्या जाऊबाईंना महालक्ष्म्या स्वतःकडे हव्या होत्या आणि फ्लॅट लेकीसाठी रिकामा हवा होता. सासूबाईंना आता एकटं राहणं जमत नाही, एवढं फक्त सिद्ध व्हायचं होतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या फ्लॅटमध्ये बायका स्वयंपाकघरात वडे तळत होत्या, पुरुष बाहेर गप्पा मारत होते. समया तेवत राहाव्यात म्हणून पंखे बंद होते. सासूबाई देवींसमोर खुर्चीत बसल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत आले तर वरचा फुलोरा झुलत होता. फुलोरा म्हणजे करंज्या, पापड्या, वेण्या-फण्या दोऱ्यांनी देवींच्या डोक्यावर टांगतात तो. सगळे दोरे एकाच दिशेनं, सावकाश झुलत होते. तेवढ्यात धाकट्या देवीचा मुखवटा कलला आणि नथ निसटून खालच्या ताटात पडली.

“घर हलून राहिलं,” सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाई झारा हातात घेऊनच धावत आल्या. “आई, हात लागला तुमचा! मधातच काहून उठता?”

“मी उठलीच नाही. बसल्या जागी समजलं मले.”

“आजी, चक्कर आया होगा आपको,” जाऊबाईंची लेक, माझी पुतणी म्हणाली. “बीपी की गोली ली?”

“मले चक्कर आली, अन् करंज्यायले पण आली काय?”

सगळे हसले. थोरले दीर दारातून म्हणाले, “आई, भूकंप जपानमध्ये येतो. रायपुरात फक्त पाहुणे येतात.”

मी शाळेत भूगोल शिकवते. मला माहीत होतं ते मी सांगितलं. जमिनीच्या पोटात खडकांवर ताण साठत जातो, एखाद्या जुन्या भेगेपाशी तो सुटतो आणि तिथून लाटा निघतात. बारीक, जलद थरथर वाटेतच विरते. लांब, संथ लाटा दूरवर पोचतात, आणि त्यांनी उंच इमारतींचे वरचे मजले झुलतात. शांत बसलेल्या माणसाला ते कळतं, चालणाऱ्याला कळत नाही. मलाही पायाखाली काहीच कळलं नव्हतं. पण फुलोऱ्यानं खरं ते सांगितलं होतं.

“मास्तरीणबाई,” जाऊबाई म्हणाल्या, “वडे जळून राहिले.”

मग सासूबाईंना आत नेऊन निजवलं. स्वतःच्या घरच्या महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला त्या नव्हत्या. जाऊबाईंनी नथ बसवली, आरती केली, आणि येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीला हळू आवाजात सांगितलं, “आईंचा तोल जातो आजकाल.”

संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली. दूर उत्तरेकडे धक्का बसला होता आणि रायपुरातही उंच इमारतींमधल्या काही लोकांना तो जाणवला होता. सासूबाई उठून बाहेर आल्या. बातमी त्यांनी नातीला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावली, आणि ती थांबली तशी म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

जाऊबाई जराही ओशाळल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, “म्हणजे वरचे मजले जास्त हलतात?”

“अशा लांबच्या भूकंपात, हो.”

“अन् चौबे कॉलनीतलं आमचं बैठं घर?”

“तिथं बहुधा कोणाला कळलंही नसेल.”

“झालं तर!” त्या दिरांकडे वळल्या. “उद्या मोठा आला तर आई इथून उतरतील कशा? लिफ्ट वापरता येत नाही तेव्हा. अन् देवी कलली. तिलेच इथं राहायचं नाही.”

मी म्हटलं, रायपूरखालची जमीन फार जुनी आणि शांत आहे. आपण घरात वापरतो ती इथल्या दगडाची फरशी म्हणजे एका आटलेल्या समुद्राचा तळ. इथं भूकंपापेक्षा न्हाणीघरात पाय घसरण्याची भीती मोठी. पण माझ्याकडून हवं ते त्यांचं घेऊन झालं होतं.

“दुपारी मी येडी होती,” सासूबाई म्हणाल्या, “आता खरी निघाली. तरी घर सोडायचं मीच?”

“आई, तुमच्याच भल्याचं बोलून राहिलो आम्ही,” दीर म्हणाले.

दिवाळीआधी फ्लॅट रिकामा झाला. सासूबाईंचा पाटा त्यांच्या लग्नात विदर्भातून आलेला, काळ्या दगडाचा. कधीकाळी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा तो दगड. त्यांना तो सोबत हवा होता. “मिक्सर आहे न घरी,” जाऊबाई म्हणाल्या आणि पाटा खाली चौकीदाराच्या नळापाशी ठेवून दिला. कपडे घासायला बरा पडेल म्हणाल्या.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या चौबे कॉलनीत बसल्या. पुतणी आता त्या फ्लॅटमध्ये राहते. तिथूनच आली होती, नवव्या मजल्यावरून. भूकंपाचा विषय तिच्याबाबतीत कोणी काढला नाही.

सासूबाईंची खुर्ची मागच्या खोलीच्या दारात ठेवली होती. तिथून देवी दिसत नव्हत्या, फुलोऱ्याचं एक टोक तेवढं दिसायचं. त्या दुपारभर तिकडेच बघत होत्या.

“आजी, भूकंप आया क्या?” पुतणीनं विचारलं. या वेळीही सगळे हसले.

“इथं खाली काय समजते,” सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाई नैवेद्याची ताटं घेऊन आल्या. “आई, खुर्ची आत घ्या थोडी. वाटेत येते.”

सासूबाईंनी खुर्ची आत घेतली. आता तिथून फुलोराही दिसत नव्हता.