दातांना दिलेला मुलगा

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी धाकटे मामा त्या दिवशीचा जबड्याचा प्लास्टरचा साचा दोन्ही हातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. साच्याला लावलेल्या चिठ्ठीवर नाव नसायचं, फक्त नंबर. त्यामुळे प्रार्थनाही नंबरनेच व्हायची. "प्रभू, एकशे बाराला नीट जेवता येऊ दे. चारचौघांत हसताना एकशे बाराला लाज वाटू नये. आणि माझ्या हातून तुझं नाव खराब होऊ नये." मग चष्मा चढवून ते एकशे बाराची कवळी करायला बसायचे.

एकतीस वर्षं ते दातांच्या एकाच डॉक्टरांकडे कामाला होते. दवाखान्याच्या मागे त्यांची कामाची खोली. खिडकी नव्हती. पंखा होता, पण प्लास्टरची पूड उडते म्हणून तो बहुतेक वेळा बंद. माझं कॉलेज तिथून जवळ, म्हणून त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असायचं. माणसं पुढच्या दाराने यायची, खुर्चीत बसायची, आणि नवे दात घेऊन पुढच्याच दाराने जायची. मागे यायचे ते फक्त साचे. मामांनी शेकडो जबडे हातात धरले, चेहरा मात्र एकाचाही पाहिला नाही.

कवळीची टाळूकडची बाजूही ते पुढच्या बाजूइतकीच घोटून गुळगुळीत करायचे. डॉक्टर वैतागायचे. "अहो, मागचं कोण बघणार आहे?"

"जीभ बघते की," मामा म्हणायचे. "दिवसभर तिथेच तर असते बिचारी."

आजीने दोन्ही मुलगे पाळण्यात असतानाच देवाच्या सेवेला द्यायचे ठरवले होते. थोरले मामा चर्चमध्ये पाळक झाले. त्यांचा आवाज भरदार, शेवटच्या बाकापर्यंत आरामात पोचणारा. धाकटे लहानपणी इतके तोतरे, की स्वतःचं नाव सांगतानाही घामाघूम व्हायचे. ते कसला उपदेश करणार? म्हणून ज्यात फार बोलावं लागत नाही असं हे काम ते शिकले. कुणी मुलांची चौकशी केली की आजीचं उत्तर तयार असायचं, "एक देवाला दिला, एक दातांना दिला." ऐकणारे खो खो हसायचे. मामाही हसायचे, तोंडावर हात धरून.

त्यांनी लग्न केलं नाही. घर म्हणजे एक खोली, एक स्टोव्ह आणि दोन कप. दुसरा कप पाहुण्यांसाठी, अजून नव्यासारखा. घासायच्या यंत्रापाशी बसून बसून पन्नाशीतच कान गेले होते. रविवारी उपासनेला ते शेवटच्या बाकावर बसायचे. उपदेश ऐकू यायचा नाही. पुढचे उठले की उठायचे, बसले की बसायचे. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी जवळ यायचं आणि कानाशी ओरडायचं, "अहो, आमच्या सासऱ्यांची वरची सैल झालीय!" मामा मान डोलवायचे, आपला कप विसळून जागेवर ठेवायचे आणि निघायचे.

एकदा मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "मामा, एकट्याला कंटाळा नाही येत?"

"खोलीत काम करताना नाही येत," ते म्हणाले. "रविवारी येतो."

गेल्या वर्षी थोरल्या मामांच्या चर्चला पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी आजीने साक्ष द्यायची असं ठरलं. म्हणजे मंडळीसमोर उभं राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. नेमका त्याच सुमारास तिचा शेवटचा दात पडला. "बोळक्या तोंडाने मी उभी राहणार नाही," तिने जाहीर केलं. डॉक्टरांनी माप घेतलं, आणि सगळ्यांचा येतो तसा तिचाही साचा नंबर लावून मागच्या खोलीत आला.

मामांनी तो हातात घेताच ओळखला. निमुळता जबडा, उंच टाळू. त्यांचाही तसाच होता. मी डबा घेऊन दारात उभी होते. त्या सकाळी त्यांनी नंबर घेतला नाही. "प्रभू, आईला," एवढंच म्हणाले, आणि पुढचं त्यांना सुचेना.

डोळे उघडल्यावर मी दिसले. साचा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "साक्ष देताना तिने 'दोघं देवाला दिले' असं म्हटलं ना, तर..."

"तर काय?"

"तर बरं वाटेल." आणि घाईघाईने, "कुणाला सांगू नकोस हं."

कवळी पक्की करण्याआधी दात नुसते मेणात बसवून तोंडात घालून बघतात. साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतात. 'स' स्वच्छ आला तर दात जागेवर आहेत असं समजायचं. हे काम डॉक्टरांचं. पण मामांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "हिचं मी बघू का?"

आजी खुर्चीत बसून त्यांच्याकडे रोखून पाहत होती. "मला आकडे शिकवतोस? तुझे पाढे घेता घेता माझे केस पांढरे झाले."

"म्हण ना गं आई."

"साठ, एकसष्ट, बासष्ट..."

मामा वाकून तिचे ओठ बघत होते. ऐकायला त्यांनी मला शेजारी उभं केलं होतं. "शीळ येतेय?"

"चौसष्टला!" मी ओरडले.

"मी नाही वाजवत शीळ, तुझे दात वाजवतायत," आजी म्हणाली.

मामांनी मेण गरम करून पुढचे दात केसभर आत घेतले. पुन्हा साठपासून. मग पुन्हा एकदा. चौथ्या खेपेला ती न थांबता शेवटपर्यंत गेली, "एकोणसत्तर, सत्तर, आणि आता मला चहा पाजा!"

साक्षीच्या दिवशी मामा शेवटच्या बाकावर नव्हते. दुसऱ्या रांगेत बसले होते, आजीचं तोंड दिसेल असे. आजीचा आवाज खणखणीत लागला. सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर ती म्हणाली, "देवाने मला दोन मुलगे दिले." मामा बाकाच्या कडेला सरकले. "त्यातला एक मी त्याला परत दिला." थोरल्या मामांनी मान खाली घातली. "आणि दुसरा..." लोक आधीच हसायला लागले होते. "दुसरा दातांना दिला. हे बघा, त्यानेच केलेत!" तिने ओठ फाकवून मंडळीला कवळी दाखवली. टाळ्या पडल्या. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, त्यात शंका नाही.

घरी चालत जाताना मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी ओरडले. "मामा, ती काय म्हणाली ते कळलं ना?"

"कळलं. ओठ दिसत होते." थोडं चालून गेल्यावर त्यांनी विचारलं, "शीळ आली का कुठे?"

"नाही."

"खालची हलली नाही. मी बघत होतो. देवाचं गौरव केलं तिने एवढं, सगळ्यांसमोर. अडखळली कुठे?"

"नाही मामा."

"मग झालं," ते म्हणाले. वळणावर मला हात करून ते एकटेच आपल्या खोलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन पोचले तेव्हा नवा साचा त्यांच्या हातात होता आणि डोळे मिटलेले होते. त्या दिवशी प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. मी दारातच थांबले.

या हिवाळ्यात मामा गेले. झोपेतच. दोन दिवस आधी मी त्यांना भेटले होते, आणि मग आजीकडे जाणार होते. मी निघाले तशी त्यांनी यंत्र बंद केलं आणि मला हाक मारली.

"आईला सांग, झोपताना काढून पाण्यात ठेवायची. कोरडी पडली की वाकते."