मधली सात फूट भिंत

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा रंगारी तसाच उंच, सडसडीत आणि बोलायला सरळसोट, म्हणून कामावरच्या लोकांनी हे नाव त्याला चिकटवलं. पुढे सासूबाईसुद्धा त्याच नावानं निरोप धाडायला लागल्या. पंचेचाळिशी उलटली तरी गडी तुरुतुरु शिडी चढायचा, कामाला जाण्याआधी तासभर चालून यायचा, आणि ‘दमलो’ हा शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. अशा माणसाला एके दिवशी चहाचा कप उचलता येईना.

बायकोच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

“अहो, डाव्या हातानं चहा कधीपासून प्यायला लागलात?”

“आजपासून.”

“काल पण पीत होतात.”

“मग कालपासून.”

तिनं पायात चपला घातल्या आणि त्याला सरळ फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेऊन बसवलं.

बाईंनी उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी अंगठा टेकवला मात्र, ओळंब्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाई म्हणाल्या, “स्नायू हाडाला जिथे बांधलेला असतो ना, तिथली दोरी दुखावली आहे. नुसते पडून राहिलात तर ती आणखी कमजोर होईल, आणि आत्तासारखी ओढत राहिलात तर एक दिवस तुटेल. तेव्हा काम करायचं, पण बेतानं.” मग त्यांनी अर्धा लिटर पाण्याची बाटली त्याच्या उजव्या हातात दिली आणि मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लावलं. “डाव्या हातानं आधार देऊन बाटली वर न्यायची. डावा हात सोडायचा. मग उजव्यानं हळूहळू खाली आणायची, पाच आकडे मोजत. पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. चालणं चालू ठेवा. दुखणं दहापैकी चारपर्यंत गेलं तर हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं तर समजा, काल जास्त झालं.”

“आणि भिंती?”

“अर्धी भिंत तुम्ही करा, अर्धी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.”

ओळंब्याचा चेहरा खर्रकन उतरला. बायकोला वाटलं, बाईंच्या अंगठ्याचाच हा परिणाम.

पण गोष्ट वेगळी होती. ओळंबा ज्यांच्या हाताखाली शिकला ते वस्ताद डावखुरे होते. लांब भिंतीला रंग देताना रंगाची कड ओली असतानाच पुढचा रंग तिला भिडावा लागतो. कड वाळली की तिथे सांध्याचा पट्टा उमटतो, आणि तो मग काही केल्या लपत नाही. म्हणून हे दोघं भिंतीच्या दोन टोकांना उभे राहायचे, उजव्या हाताचा ओळंबा डाव्या कोपऱ्यात, डावरे वस्ताद उजव्या कोपऱ्यात, आणि रंगवत रंगवत मधोमध भेटायचे. वस्तादांचा एक कडक नियम होता. मध्यावर पोचलेल्यानं थांबायचं, जोडीदाराच्या अर्ध्यात ब्रश घालायचा नाही. घातला तर ‘तुला आता जमत नाही’ असं त्याला तोंडावर सांगितल्यासारखं व्हायचं. वीस वर्षं दोघांनी हा नियम पाळला. या वीस वर्षांत ते एकमेकांशी जे काही बोलले, ते बहुतेक भिंतीकडे तोंड करूनच.

शेवटच्या वर्षी वस्तादांचं कोपर दुखत होतं. त्यावर ते रुमाल आवळून बांधायचे आणि कुणी विचारलं तर खेकसायचे. ओळंब्याला सगळं कळत होतं. पण एका सकाळी वस्ताद चारचौघांत त्याला म्हणाले, “हा काय रंग दिलायस का म्हशीनं शेपटी फिरवलीय?” ओळंब्याला ते फार झोंबलं. दुपारी तो मध्यावर पोचला, नियमाप्रमाणे थांबला आणि ब्रश हातात धरून नुसता उभा राहिला. वस्ताद अजून सात फूट लांब होते. कड वाळायला लागली होती. वस्तादांनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं. ओळंबा जागचा हलला नाही. वस्तादांनी दात आवळून हात जोरात ओढला, आणि जुनं फडकं फाटावं तसा बारीक आवाज ओळंब्याला सात फुटांवर ऐकू आला. वस्तादांनी पुन्हा कधी ब्रश धरला नाही. दोन वर्षांनी ते गेले. ओळंबा त्यांना भेटायला गेला नव्हता. कुठल्या तोंडानं जाणार?

तेव्हापासून ओळंब्यानं जोडीदार ठेवला नाही. अख्खी भिंत एकटाच धावत धावत संपवायचा. कोपराची वाट लागली ती त्या धावपळीनंच.

आणि आता हे नव्या वाचनालयाचं काम आलं होतं. रिकामा हॉल, अजून कपाटं यायची होती. चाळीस फुटांची एकसलग भिंत. ओळंब्यानं ती एका दमात पुरी केली, मध्ये कुठे श्वास घ्यायलाही थांबला नाही. सकाळी येऊन पाहतो तर भिंतीच्या बरोब्बर मधोमध, वरपासून खालपर्यंत, वीतभर रुंदीचा सांध्याचा पट्टा.

सांधा यायला रंगारी तिथे थांबावा लागतो. हा तर थांबलाच नव्हता.

त्यानं घासून पुन्हा रंग दिला. पट्टा पुन्हा आला. त्यानं टेप लावून मोजलं, दोन्हीकडून सारखंच अंतर. त्यानं बोट लावून पाहिलं. भिंत खडखडीत वाळली होती, पट्टा मात्र बोटाला ओला लागला. भर सकाळी, खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, ओळंब्याच्या अंगावर सरसरून काटा आला. कंत्राटदार म्हणाला, “ओळंबाशेठ, मध्ये विडी ओढायला जाता की काय?” ओळंबा कसनुसं हसला.

घरी बाटलीचा व्यायाम नेमानं चालला होता. चौथ्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली.

“अहो, तुम्ही दोन आवाजांत का मोजता?”

ओळंब्याच्या हातातली बाटली टेबलावर कलंडली. त्याला वाटत होतं, तो दुसरा आवाज फक्त आपल्यालाच ऐकू येतो. खर्जातला, जरा खेकसल्यासारखा, प्रत्येक आकड्याला त्याच्या किंचित मागे. आणि बाटली वर नेणारा डावा हातही हल्ली आपला वाटेनासा झाला होता. तो फारच सफाईनं उचलायचा.

त्या दिवशी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सात फुटांचंसुद्धा. ती बराच वेळ त्याच्या कोपरावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तेव्हा तोंडाला कुलूप होतं, ते समजू शकते मी. पण आता सांगा की त्यांना. अजून किती वेळ उभं ठेवणार आहात?”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच हॉलमध्ये गेला. दुखणं दहापैकी तीन होतं. कोपराला पट्टा बांधून त्यानं डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, आणि या खेपेला मुळीच घाई केली नाही. दहा फूट झाले असतील नसतील, तोच पलीकडच्या टोकाकडून ब्रशचा आवाज यायला लागला. खर्र, आणि थोडं थांबून खर्र. त्यानं मान वळवली नाही. वीस वर्षांत, ती एक दुपार सोडली तर, कामावर असताना त्यानं तिकडे मान वळवली नव्हती.

मध्यावर त्याचे पाय आपोआप थांबले. पलीकडचा आवाज आता जड झाला होता, मध्येच अडकत होता, आणि प्रत्येक वेळी त्यामागून दात आवळून सोडलेला श्वास ऐकू येत होता.

“वस्ताद,” ओळंबा भिंतीला म्हणाला, आणि रिकाम्या हॉलमध्ये त्याचा आवाज केवढा तरी मोठा झाला. “तुम्ही बसा आता. हात दुखतोय तुमचा, मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. मी येतो.”

आवाज थांबला. ओळंब्यानं ब्रश डाव्या हातात घेतला आणि मधली रेघ ओलांडली. डावा हात दमला की उजवा, उजवा चारवर गेला की पुन्हा डावा. एक फूट, दोन, पाच, सहा. सातव्या फुटाला त्याचा ब्रश ओल्या रंगाला भिडला.

तिथून उजव्या कोपऱ्यापर्यंत भिंत रंगलेली होती. फटकारे उलट्या बाजूला कललेले, आणि शेवटचे काही थरथरते. ओळंब्यानं त्या कडेवरून ब्रश हलकेच फिरवला आणि दोन्ही रंग एकमेकांत मिळवून टाकले. मग तो भिंतीपासून बाजूला झाला आणि मागे न बघता बाहेर पडला.

सकाळी कंत्राटदार भिंतीला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. सांधा काही त्याला सापडला नाही. “पुढच्या कामाला जोडीदार घेईन म्हणतो,” ओळंबा म्हणाला. आठवड्याभरात त्यानं एक डावखुरी रंगारीण शोधून काढली आणि पहिल्याच दिवशी तिला बजावलं, “मधली रेघ वगैरे आपल्यात काही नाही. दुखलं की बोलायचं, दुसऱ्यानं यायचं.”

त्याच संध्याकाळी तो बाटली घेऊन टेबलाशी बसला. दुखणं दोनवर आलं होतं. डाव्या हातानं बाटली वर नेली, सोडली, आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. आवाज एकच होता. तो जरा थांबला, मग मुद्दाम आणखी हळू, मध्ये जागा सोडत मोजू लागला. कुणीच काही बोललं नाही. तेव्हा वस्ताद गेल्याचं त्याला पहिल्यांदा रडू आलं.